अपसामान्यतेची व्याख्या आणि वाचनाची जबाबदारी

१

मराठीत ‘असामान्य’ हे विशेषण गौरवाचे आहे. असामान्य बुद्धिमत्ता, असामान्य धैर्य, असामान्य कर्तृत्व या प्रयोगांत ते ‘इतरांहून वेगळे आणि म्हणून श्रेष्ठ’ असाच अर्थ देते. मानसशास्त्राच्या मराठी क्रमिक पुस्तकांत ‘ॲबनॉर्मल’ या संज्ञेसाठी ‘अपसामान्य’ हा शब्द रूढ झाला, तेव्हा हा गौरवार्थ टळला. परंतु त्याच वेळी दुसरा एक अर्थ आत आला. अपकीर्ती, अपमान, अपशकुन या शब्दांतला ‘अप’ हा उपसर्ग केवळ वेगळेपण सांगत नाही, तो घसरण सांगतो. पर्यायी संज्ञा म्हणून वापरला जाणारा ‘विकृत’ हा शब्द तर बोलीत सरळसरळ शिवीच्या जवळ जाऊन बसला आहे. म्हणजे व्याख्येला हात घालण्यापूर्वीच संज्ञेने एक निर्णय देऊन टाकलेला असतो.

ही अडचण केवळ मराठी परिभाषेची आहे असे मात्र नाही. ‘नॉर्मल’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘नॉर्मा’ या शब्दाचा अर्थ सुताराचा गुण्या असा होतो. गुण्या लावून काटकोन तपासतात. काटकोनात नसलेली फळी ‘वाकडी’ ठरते. फ्रेंच तत्त्वज्ञ व वैद्यक जॉर्ज काँगिलेम यांनी १९४३ साली सादर केलेल्या आणि १९६६ मध्ये विस्तारलेल्या ‘सामान्य आणि विकृत’ या विषयावरील प्रबंधात या शब्दाच्या दुहेरी अर्थाकडे लक्ष वेधले. जे बहुधा आढळते ते सामान्य, हा एक अर्थ. जे असायला हवे ते सामान्य, हा दुसरा. पहिला अर्थ वर्णनाचा, दुसरा आदेशाचा. अपसामान्य वर्तनाच्या व्याख्यांचा इतिहास हा या दोन अर्थांमधील नकळत होणाऱ्या ये-जा करण्याचा इतिहास आहे, असे म्हणता येईल.

या ये-जा करण्यातून उद्भवणारा प्रश्न मूलतः नैतिक आहे. एखाद्याचे वर्तन अपसामान्य ठरवणे म्हणजे त्याविषयीचे एक तथ्य नोंदवणे, की त्याच्याविषयी निवाडा देणे? निवाडा असेल तर तो कोणी, कोणत्या अधिकारात आणि कोणाला उत्तरदायी राहून द्यायचा? साहित्यसमीक्षेलाही हा प्रश्न परका नाही; कारण वर्तनाचा अर्थ लावणे आणि संहितेचा अर्थ लावणे या क्रियांमध्ये आप्तभाव आहे, आणि समीक्षेने मनोविकारशास्त्राची परिभाषा वेळोवेळी उसनी घेतलेली आहे.

२

क्रमिक पुस्तके अपसामान्यतेचे निकष साधारणपणे पुढीलप्रमाणे देतात: संख्याशास्त्रीय विरळता, सामाजिक नियमांपासून विचलन, व्यक्तीला होणारी व्यथा आणि दैनंदिन कार्यात येणारी बाधा. काही ठिकाणी स्वतःला वा इतरांना असलेला धोका हा पाचवा निकष जोडलेला असतो. कोणताही एक निकष पुरेसा नाही, हेही ही पुस्तके प्रामाणिकपणे सांगतात. परंतु तो का पुरेसा नाही, याची चिकित्सा केली असता प्रत्येक निकषाच्या पोटात एक मूल्यविधान दडलेले दिसते.

संख्याशास्त्रीय निकष सर्वांत निर्विकार वाटतो. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांनी १८३५ मध्ये ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या दृष्टीने सरासरी हे केवळ माप नव्हते. सरासरी माणसात त्यांना एक आदर्शही दिसत होता. वर्णनाचे आदेशात रूपांतर येथेच सुरू होते. बुद्धिमापनाचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होईल. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ मानणाऱ्या कसोटीत ७० च्या खाली सुमारे २.३ टक्के लोक येतात आणि १३० च्या वरही तितकेच. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही टोके सारखीच विरळ आहेत. तथापि एका टोकाला अपसामान्यता म्हटले जाते, दुसऱ्याला प्रतिभा. हा भेद आकड्यांनी केलेला नाही. शिवाय सीमारेषा कोठे आखायची हेही आकडे सांगत नाहीत. अमेरिकेतील मानसिक मंदत्वविषयक व्यावसायिक संघटनेने १९६१ च्या व्याख्येत सरासरीपासून एक प्रमाण विचलन खाली ही बुद्ध्यंकाची सीमा मानली होती. १९७३ मध्ये तीच सीमा दोन प्रमाण विचलनांवर नेण्यात आली. बुद्ध्यंकापुरते पाहिले तर जवळजवळ १६ टक्के लोकसंख्येला लागू पडू शकणारी अट त्यामुळे दोन टक्क्यांच्या आसपास आली. या दोन वर्षांच्या दरम्यान कोणाच्याही बुद्धीत फरक पडला नव्हता. बदलली होती ती किती जणांवर शिक्का मारणे न्याय्य ठरेल याविषयीची जाणीव.

सामाजिक नियमांचा निकष तर उघडच मूल्याधिष्ठित आहे. १८५१ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतील सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरांनी गुलामांच्या पळून जाण्याला ‘ड्रॅपेटोमेनिया’ या रोगाचे नाव दिले. ग्रीक शब्दांपासून घडवलेली संज्ञा, कारणमीमांसा, उपचार असा शास्त्राचा सगळा सरंजाम या मांडणीत होता. नव्हता तो एकच प्रश्न: माणूस गुलामीतून का पळतो? हे उदाहरण आज हास्यास्पद वाटते, आणि त्यातच त्याचा धोका आहे. जी व्यवस्था मोडून पडली तिच्या गृहीतकांना हसणे सोपे असते. जी चालू आहे तिची गृहीतके तथ्यांसारखी दिसतात.

समलैंगिकतेच्या बाबतीत हेच घडले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ मध्ये काढलेल्या निदानपुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीत समलैंगिकतेचा समावेश विकारांमध्ये होता. १९५७ मध्ये एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ विदुषीने ३० समलैंगिक आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या प्रक्षेपण चाचण्यांचे निकाल तज्ज्ञांपुढे ठेवले. कोणता निकाल कोणत्या गटातील व्यक्तीचा, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. तरीही विकारांच्या यादीतून समलैंगिकता वगळण्यासाठी डिसेंबर १९७३ उजाडावा लागला. हा निर्णय संघटनेच्या विश्वस्त मंडळाने घेतला आणि १९७४ मध्ये सभासदांच्या मतदानात ५८ टक्क्यांनी तो कायम राहिला. मतदानाने रोग ठरतो काय, असा उपरोध त्या वेळी झाला आणि पुढेही होत राहिला. वस्तुतः या उपरोधाचा रोख चुकीचा आहे. मतदानाने समलैंगिकता विकारांतून बाहेर आली याचे आश्चर्य वाटावे, तर ती आत कशी गेली याचे अधिक वाटायला हवे. आत जाताना मतदान झाले नव्हते. कारण त्या वेळी मतभेद व्यक्त करू शकणारे सभागृहातच नव्हते. १९७२ च्या अधिवेशनात जॉन फ्रायर या मनोविकारतज्ज्ञाला आपण समलैंगिक आहोत हे मुखवटा घालून आणि नाव लपवून सांगावे लागले, ही घटना या संदर्भात बोलकी आहे.

येथे व्यथेचा निकष मदतीला येईल असे वाटते. स्वतः व्यक्तीलाच आपल्या स्थितीचा त्रास होत असेल तर ती विकार मानावी, यात आक्षेपार्ह काय? १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीने नेमका हाच मार्ग स्वीकारला आणि स्वतःला नकोशा वाटणाऱ्या समलैंगिकतेची वेगळी नोंद ठेवली. परंतु ज्या समाजात समलैंगिक व्यक्तीला नोकरी, घर आणि आप्त गमावण्याची भीती असते, त्या समाजात तिला स्वतःचा त्रास होणे हे तिच्या मनातील बिघाडाचे लक्षण मानायचे, की भोवतालच्या क्रौर्याचे? ही नोंदही १९८७ मध्ये वगळण्यात आली. व्यथा खरी असते. पण ती कोठून आली हे तिच्या असण्यावरून कळत नाही. उलटपक्षी, उन्मादाच्या अवस्थेतील व्यक्तीला व्यथा मुळीच जाणवत नाही, आणि तरीही ती सर्वस्व गमावण्याच्या मार्गावर असू शकते. म्हणजे व्यथेचा निकष एकीकडे अतिव्याप्त, तर दुसरीकडे अव्याप्त ठरतो.

३

या पेचातून सुटण्याचा एक गंभीर प्रयत्न जेरोम वेकफिल्ड यांनी १९९२ मध्ये केला. त्यांच्या मते विकार म्हणजे ‘हानिकारक बिघाड’. बिघाड हा तथ्याचा भाग: उत्क्रांतीने ज्या कार्यासाठी एखादी मानसिक यंत्रणा घडली ते कार्य ती करीत नसणे. हानी हा मूल्याचा भाग: त्या बिघाडामुळे व्यक्तीचे नुकसान होते असे तिच्या संस्कृतीच्या निकषांनी ठरणे. दोन्ही असतील तरच विकार. या मांडणीचे सामर्थ्य असे की, गुलामाचे पलायन मालकाला कितीही हानिकारक वाटले तरी ते बिघाड ठरू शकत नाही. तिची मर्यादा अशी की, मनातील यंत्रणांचे ‘मूळ कार्य’ हे हृदयाच्या कार्यासारखे निर्विवादपणे दाखवता येत नाही. दुःखाचे मूळ कार्य कोणते? प्रेमाचे कोणते? येथे तथ्य म्हणून जे पुढे केले जाते ते बहुधा एक अनुमान असते, आणि त्या अनुमानात अनुमान करणाऱ्याच्या काळाची मूल्ये शिरलेली असतात.

शोकाचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. कारण शोकात वर्तन तेच राहते आणि व्याख्या मात्र बदलत जाते. जवळचे माणूस गेल्यावर झोप उडणे, अन्न नकोसे होणे, जगण्यात रस न उरणे ही लक्षणे अवसादाच्या लक्षणांशी जुळतात. १९८० च्या निदानपुस्तिकेने शोकाला अवसादातून वगळले होते. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीने या सवलतीची मुदत सामान्यतः दोन महिने ठरवली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ही सवलत काढून टाकली. लक्षणे दोन आठवडे टिकली तर शोकातही अवसादाचे निदान शक्य झाले, आणि भेद करण्याचे काम चिकित्सकाच्या विवेकावर सोपवले गेले. चौथ्या आवृत्तीच्या समितीचे प्रमुख ॲलन फ्रान्सेस यांनीच या बदलाला जाहीर विरोध केला. २०२२ च्या सुधारित पाठाने पुढचे पाऊल टाकून ‘दीर्घकालीन शोकविकार’ ही स्वतंत्र नोंद केली. प्रौढांच्या बाबतीत तिच्यासाठी किमान बारा महिन्यांची अट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच वर्षी लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात ही मर्यादा सहा महिन्यांची आहे. परिणामी, मृत्यूनंतरच्या आठव्या महिन्यात तोच शोक एका ग्रंथानुसार विकार ठरू शकतो आणि दुसऱ्यानुसार नाही.

केवळ या विसंगतीवर बोट ठेवून थांबणे उथळपणाचे होईल. सवलत काढणाऱ्यांचा युक्तिवाद वजनदार होता. नोकरी गेल्याने वा घटस्फोटाने आलेल्या अवसादाला उपचार मिळतात, मग पुत्रशोकाने खचलेल्या आईला ‘हे स्वाभाविकच आहे’ असे सांगून परत का पाठवायचे? ‘स्वाभाविक’ हा शब्द कधी दिलासा असतो, तर कधी दरवाजा बंद करणे असते. सवलत ठेवू पाहणाऱ्यांचे म्हणणेही तितकेच खरे होते: शोक हा प्रेमाचा उत्तरार्ध आहे, त्याला विकार म्हणताना मृत व्यक्तीशी असलेल्या नात्यालाच आपण लक्षण ठरवून बसतो. दोन्ही पक्षांपुढे वस्तुस्थिती एकच होती. मतभेद होता तो या वस्तुस्थितीबाबत काय करणे योग्य, याविषयी.

२०२२ च्या नोंदीत आणखी एक अट आहे: शोकाचा काळ आणि तीव्रता व्यक्तीच्या सामाजिक, सांस्कृतिक वा धार्मिक परंपरेतील अपेक्षेहून स्पष्टपणे अधिक असली पाहिजे. ही अट सहानुभूतीने घातलेली आहे. परंतु तिच्यामुळे परंपरेकडेच गुण्या जातो. मराठी हिंदू घरांतील दहावा, तेरावा, मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध ही मालिका शोकाला काळाचे बांध घालते. बारा महिन्यांची अट आणि वर्षश्राद्ध यांचा मेळ हा योगायोग असला तरी विचार करायला लावणारा आहे. मात्र ज्या परंपरेने इतरांच्या शोकाला वर्षाची मर्यादा दिली, त्याच परंपरेने उच्चवर्णीय विधवेच्या शोकाला मर्यादाच दिली नाही. केशवपन, आलवण, मंगलकार्यातून वगळणे या रूपांनी तिचा शोक आयुष्यभर दिसत राहिला पाहिजे, अशी अपेक्षा होती. तिच्या बाबतीत शोक चालू राहणे हा नियम होता आणि शोक संपणे हेच विचलन. परंपरेची अपेक्षा हा निकष मानला तर ही विधवा तिच्या अखंड दुःखात ‘सामान्य’ ठरते, आणि पुन्हा हसू पाहणारी तिची बहीण संशयास्पद. संस्कृतिसापेक्षतेचा स्वीकार केल्याने न्यायाचा प्रश्न सुटत नाही. त्या संस्कृतीत अपेक्षा कोण ठरवत होते, हे विचारावेच लागते.

४

आतापर्यंतच्या विवेचनात निकषांचा विचार झाला. परंतु निकष स्वतः काही करीत नाहीत. कोणीतरी ते एखाद्या वर्तनाला लावते. निदान ही एक वाचनक्रिया आहे, आणि इतर वाचनांपेक्षा ती एका बाबतीत निराळी आहे: तिच्यामुळे वाचल्या जाणाऱ्याचा बोलण्याचा अधिकार कमी होतो. ‘मला कोणी कोंडून ठेवले आहे’ हे विधान सामान्य माणसाने केले तर ती तक्रार असते. रुग्णाने केले तर ते लक्षण होण्याची शक्यता असते. मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये साक्षीविषयक अन्याय ही संकल्पना मांडली. बोलणाऱ्याविषयीच्या पूर्वग्रहामुळे त्याच्या शब्दाला कमी विश्वास मिळणे, असा तिचा आशय आहे. अपसामान्यतेचा शिक्का हे या अन्यायाचे एक प्रमुख कारण आहे.

डेव्हिड रोझनहान यांचा १९७३ मधील सुप्रसिद्ध लेख याच मुद्द्यासाठी वारंवार उद्धृत होतो. आठ निरोगी व्यक्ती आवाज ऐकू येत असल्याचे सांगून बारा मनोरुग्णालयांत दाखल झाल्या. आत गेल्यावर त्या नेहमीप्रमाणे वागू लागल्या, तरी कर्मचाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. त्यांचे टिपणे घेणेही आजाराचा भाग मानले गेले, असे त्यात म्हटले आहे. मात्र २०१९ मध्ये सुझना कॅहलन यांनी या प्रयोगाची कसून तपासणी केली. रोझनहान यांनी दाखल होताना सांगितलेली लक्षणे लेखात दिल्यापेक्षा गंभीर होती, ज्याचा रुग्णालयातील अनुभव चांगला होता त्या सहभागीला लेखातून वगळले होते आणि बहुतेक सहभागींचा मागमूसही लागत नाही, असे त्यांना आढळले. तेव्हा या लेखाचा पुरावा म्हणून उपयोग करणे आता योग्य नाही. तथापि त्याच्या कीर्तीचा इतिहास स्वतंत्रपणे उद्बोधक आहे. मनोविकारशास्त्र शिक्का पाहून माणूस वाचते, असा आरोप करणाऱ्या या लेखाला त्याच्या वाचकांनी जवळजवळ अर्धशतक आरोपाच्या आकर्षणावरूनच वाचले. जे ऐकायची तयारी होती तेच ऐकू आले. पूर्वग्रहयुक्त वाचन ही एका व्यवसायाची व्याधी नसून वाचनाचाच स्थायी धोका आहे, हे यावरून ध्यानात यावे.

५

या धोक्यावर एक टोकाचे उत्तर असे की, निदानाचा अधिकारच नाकारावा. टॉमस सास यांनी १९६१ मध्ये मानसिक आजार हे मिथक असल्याचे प्रतिपादन केले: जे आहे ते जगण्यातील प्रश्न आहेत, रोग नव्हेत. त्याच वर्षी मिशेल फूको यांनी वेडाच्या इतिहासावरील ग्रंथात, विवेकाने वेडाशी असलेला संवाद कसा तोडला याची मांडणी केली. या दोन्ही विचारांनी साहित्यसमीक्षेला मोठे बळ दिले. वेडा हा सत्तेला न जुमानणारा, म्हणून सत्याच्या अधिक जवळचा, ही प्रतिमा समीक्षेला सहज भावते. मराठीला तर ती आणखी जवळची आहे. ‘वेड’ हा शब्द मराठीत भक्ती, छंद, प्रेम आणि आजार या सर्वांना सामावून घेतो.

तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी संकलित केलेले गोविंदप्रभूंचे चरित्र या संदर्भात पाहण्यासारखे आहे. रिद्धपूरचे हे सत्पुरुष स्वतःशी बोलत, कोणाच्याही घरात शिरत, शिवाशिवीचे नियम पाळत नसत. गावकऱ्यांनी त्यांना वेडेही म्हटले आणि ईश्वरही मानले. ग्रंथाची थोरवी अशी की, तो या दोहोंपैकी एकाची निवड करीत नाही. चिडलेल्या माणसाचा शब्द आणि शरण आलेल्याचा शब्द तो शेजारी शेजारी ठेवतो. आजच्या समीक्षकाने या वर्तनाला निदानपुस्तिकेतील नाव देणे म्हणजे कार्टराइटचीच चूक करणे होय: शिवाशिव न पाळण्यामागचा अर्थ विचारण्याऐवजी तिला लक्षण म्हणणे.

पण दुसरी चूकही टाळली पाहिजे. रिद्धपुरात आणि इतरत्रही असे अनेक वेडे असतील, ज्यांचे वेड कोणाला ईश्वरी वाटले नाही आणि ज्यांची लीळा कोणी लिहिली नाही. ते उपाशी राहिले असतील, दगड झेलले असतील, बांधले गेले असतील. वेडाचा गौरव करणारी समीक्षा ज्यांचे वेड अर्थपूर्ण ठरले त्यांच्याच जिवावर उभी असते. ज्याला रात्रभर स्वतःच्या मृत्यूची आज्ञा देणारे आवाज ऐकू येतात, त्याला तुझा आजार हे मिथक आहे असे सांगणे, ही मुक्तता नव्हे. त्याला औषध, निवारा, रजा आणि कायद्याचे संरक्षण मिळायचे असेल तर त्याच्या स्थितीला काही नाव असावे लागते. व्याख्या नाकारणे हाही एक निवाडा आहे आणि त्याचीही किंमत कोणीतरी मोजतो.

६

म्हणून निर्मूल्य व्याख्येचा शोध आणि व्याख्येचा संपूर्ण त्याग हे दोन्ही मार्ग जबाबदारी टाळणारे आहेत. पहिला निवाड्याला तथ्याचे रूप देऊन उत्तरदायित्वातून सुटतो. दुसरा निवाडाच न देण्याचा आव आणून दुःखिताला एकटे सोडतो. उरतो तो मार्ग अवघड आहे: अपसामान्यतेचे विधान हा निवाडा आहे हे उघडपणे मान्य करून, इतर निवाड्यांप्रमाणे त्यालाही कारणे देण्याची, प्रतिवाद ऐकण्याची आणि बदलण्याची अट घालणे.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात या मार्गाच्या खुणा दिसतात. मानसिक आजाराचे निदान आंतरराष्ट्रीय वर्गीकरणासह मान्य वैद्यकीय मानकांनुसार व्हावे, असे त्याचे तिसरे कलम सांगते. आणि समाजात प्रचलित असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, कार्यविषयक वा राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी न जुळणे हा निदानाचा आधार होऊ शकत नाही, असेही त्यात बजावले आहे. चौथ्या कलमानुसार, एखाद्याचा उपचारविषयक निर्णय इतरांना अयोग्य वाटला एवढ्यावरून त्याची निर्णयक्षमता नाकारता येत नाही. पहिल्या तरतुदीत एक अंतर्विरोध आहे हे नाकारण्यात अर्थ नाही: ज्या वर्गीकरणांवर ती विसंबते त्यांतच प्रचलित मूल्ये कशी शिरतात, हे वर पाहिले. परंतु हा अंतर्विरोध निष्फळ नाही. मानक आणि त्या मानकावरचा अंकुश एकाच कलमात ठेवल्यामुळे, मानकाला प्रश्न विचारण्याची जागा कायद्यातच राहते. ती जागा प्रत्यक्षात वापरली जाते की नाही, हे त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी किती आहे यावर अवलंबून राहील.

साहित्यसमीक्षेपुरता याचा निष्कर्ष मर्यादित पण निश्चित आहे. पात्राच्या वा लेखकाच्या वर्तनाला विकाराचे नाव देताना समीक्षकाने तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत: हे नाव कोणत्या काळातील वर्गीकरणातून घेतले, त्या वर्तनाचा दुसरा कोणता अर्थ शक्य होता आणि तो का नाकारला, आणि हे नाव दिल्यावर संहितेतील कोणाचा शब्द विश्वासार्ह राहिला, कोणाचा राहिला नाही. ज्या निदानाने या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही, ते जिवंत रुग्णाच्या बाबतीत जितके अपुरे असते तितकेच कादंबरीतील पात्राच्या बाबतीतही अपुरे मानावे लागेल. पात्राला त्या निदानाची झळ लागत नाही, एवढाच फरक. पण पात्र वाचताना लागलेली सवय वाचक पुढे माणसे वाचतानाही वापरत असतो.